अर्धा वाचलेला बेरिश्ट

५ मार्च २०१६, शनि.
श्पिट्झिंगच्या डोंगरातून आत्ताच घरी. 
नेहमीप्रमाणे गाडी माझ्याकडे, हिमस्खलनाचा बेरिश्ट, म्हणजे धोक्याचा रोजचा अहवाल, वाचायचं काम अमोदकडे. "धोका पाचपैकी दोन. जाऊ या," म्हणाला. मागच्या सीटवर मंदार, त्याचा पुण्याचा ट्रेकमित्र, आता ड्रेस्डेनला असतो. एकच्या सुमारास उन्हातल्या उतारावर पायाखालचा बर्फ चिरला आणि मला घेऊनच निघाला. कमरेपर्यंत गाडले गेले. ओल्या सिमेंटसारखा, पाय हलेना. अमोदने फावड्याने उकरून काढलं. रडत होता. डावा गुडघा सुजलाय, बुटाला बांधलेला एक स्नोशू वरच राहिला.
नवऱ्याने जीव वाचवला. लिहून ठेवते, पुढच्या भांडणात आठवायला.

७ मार्च
डॉक्टरकडून क्रांकश्राइबुंग, आजारपणाची चिठ्ठी, मिळाली, आठवडाभर ऑफिस नाही. अमोद मऊ भात करून वाढतोय. सासूबाईंचा फोन. "अगं, कशाला जाता त्या बर्फात?"
"आई, अमोद होता ना बरोबर."
अगदी तोऱ्यात म्हणाले.

९ मार्च
आईंना फोटो पाठवायला अमोदने स्वतःच त्याचा फोन दिला. मंदारचं चॅट वरच होतं. शनिवार, स. ८.१०.
मंदार: "दुपारनंतर ३ आहे, बघितलंस ना? रेवाला नको सांगू, लगेच 'परत' म्हणेल."
अमोदचं उत्तर: अंगठा.
आठ दहाला मी गाडी चालवत होते. हे दोघं त्याच गाडीत. अंगठा देऊन मग मला "दोन" वाचून दाखवलं.
'परत' हा नियम अमोदचाच. लग्नाआधी हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर त्याने केलेला. एकाने 'परत' म्हटलं की सगळ्यांनी फिरायचं, का ते विचारायचं नाही. तेव्हा वाटलं होतं, हा माणूस आपला.

१० मार्च
विचारलं.
"आल्झो... म्हणजे, सकाळी दोनच होता. खोटं कुठे बोललो?"
मग: "बाराच्या आत उतरणार होतो गं. मंदार एवढ्या लांबून आलेला, त्याचा हिरमोड..."
मंदारचा हिरमोड. बरं.
बर्फाचा राग नाही येत. बर्फाने सकाळीच सांगितलं होतं, लेखी.

१३ मार्च
बोलणं कामापुरतं. दूध, कचरा, किल्ली. तो रडला होता तो मी बर्फातून निघेना म्हणून, की तीन होणार हे माहीत होतं म्हणून? विचारायची हिंमत नाही.

१९ मार्च, शनि.
गुडघा बरा. अमोद सकाळी बूट घेऊन उभा. "येतेस? आज एक आहे. दिवसभर एक. तूच वाच."
मी सहालाच वाचला होता. खरंच एक, दिवसभर.
निघालो. गाडी मी चालवत होते. कोरडा रस्ता, स्वच्छ ऊन, डोंगर समोर दिसायला लागले, आणि मी म्हणाले, "परत."
त्याने माझ्याकडे पाहिलं.  पुढच्या एक्झिटला मी गाडी वळवली.
घरी येऊन तीन तास झाले. समोर बसलाय, बूटसुद्धा काढलेले नाहीत. अजून का ते विचारलेलं नाही.