खर्चाचा रकाना

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मुंगीने अख्खं सफरचंद सालीसकट खाल्लं, एकूण एकवीस घास, हे वाचून हसू आलं आणि डोळेही भरले. भाचीचे घास मोजणारा मामा जगात एकच असणार.

माझं बरं चाललंय. जलशुद्धीकरण केंद्रात दर दोन तासांनी टाकीवर जायचं, बाटलीत पाणी धरायचं, उजेडापुढे धरून बघायचं. मुंगीला तुझ्याकडे ठेवून आठ महिने झाले. हल्ली गाळ बाटलीच्या तळाशी उतरायला लागला की मला ती दिसते. ती म्हणजे तिचा चेहरा नव्हे, तिचं ते सावकाश, गिरक्या घेत झोपेत उतरणं. मग मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवते आणि पुढच्या टाकीकडे जाते. कामावरच्या कुणाला सांगितलं तर सुट्टी घे म्हणतील. तुला सांगते, कारण तू स्वतः दिवसाढवळ्या अंधारात बसून तारे लावतोस.

आता मुद्दा. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलाच्या पाळणाघराची निम्मी फी सरकार भरणार, अशी योजना निघाली आहे. मुंगीचे बाबा गेल्यावर आपण हिशेब करून पाहिला होता, आठवतं? माझ्या पगाराचे तीन भाग केले तर दोन पाळणाघराला, आणि उरलेल्या एकात खोलीचं भाडंही निघेना. म्हणून तर तिला तुझ्या तारांगणात धाडली. निम्मी फी सुटली तर ती माझ्याजवळ राहील, दादा. एप्रिलपासून तिथे एक जागा रिकामी होतेय. मी बाहेरून बघून आले. खिडक्या खाली आहेत, मुलांना टाचा न उंचावता रस्ता दिसेल अशा.

सोबत अर्ज आहे. दुसरं पान तू भरायचंस: मूल सध्या कोण सांभाळतं, रोज किती तास, त्यावर खर्च किती. कृपा करून अर्जातल्या चुका सुधारत बसू नकोस. विजेच्या बिलामागे तू जे लिहून पाठवलं होतंस, ते त्या ऑफिसात अजून नव्या माणसांना वाचून दाखवतात म्हणे.

ती माझं नाव काढते का? खरं सांग.

माया आहे तशीच ठेव.
तुझी धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ३ तारखेचं पत्र ७ तारखेला दुपारी सव्वातीनला मिळालं. अंतर पाहता तीन दिवस पुरेत. चौथा कुठे गेला याची चौकशी करतो आहे.

मुंगी खुशाल. वजन तेरा किलो चारशे. तारे दाखवणाऱ्या आमच्या यंत्राला दोन वाटोळी डोकी, मधे बारीक कंबर, खाली काटकुळे पाय. तिने पहिल्याच दिवशी त्याला मुंगळा ठरवून टाकलं, आता आमचे साहेबही मुंगळाच म्हणतात. दुपारचा खेळ दीडला सुटतो, पुढचा चारला. मधल्या वेळात मी भिंगं पुसतो आणि ती मागून तिसऱ्या रांगेत माझ्या कोटावर झोपते. घुमट पुरता काळा केला तर दचकते, म्हणून उत्तरेकडचे तेवढे तारे मंद लावून ठेवतो. बाहेर रस्त्यावर ऊन आणि गाड्या, आणि आत एक लहान मूल रात्र पांघरून पडलेलं. बावीस वर्षं हे यंत्र चालवतोस ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर आता मला उत्तर देता येईल.

योजनेबद्दल माझं मत वेगळं आहे. मूल आपलं, सांभाळायचं आपण. सरकारने रस्ते करावेत, दिवे लावावेत. मला कुणी काही शिकवलं नाही. यंत्राची पुस्तिका परक्या भाषेत, ती शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावली. डिप्लोमावाले चार आले आणि हात टेकून गेले. कुणापुढे हात पसरला नाही, म्हणून आज मान ताठ आहे.

तरी तू म्हणतेस म्हणून पान भरलं. काळी शाई, सुटी अक्षरं, खाडाखोड नाही. तास: चोवीस. खर्च: शून्य. भाचीचे पैसे लावायला मी काही खाणावळ काढलेली नाही. रकान्यांची रुंदी चुकली आहे, त्याबद्दल समासात दोन ओळी लिहिल्यात. त्याला सुधारणा म्हणत नाहीत, सूचना म्हणतात.

इकडची बातमी एकच. वर्षअखेरीला संगणकावरचं नवं यंत्र येतंय. ते शिकायला चार महिने परगावी कुणीतरी जायचं होतं. साहेबांनी मला विचारलं, मी नको म्हणालो. या वयात मला कोण काय शिकवणार? हिशेबखात्यातला डिप्लोमावाला गेला.

तू विचारलंस त्याचं उत्तर: होय, काढते. आई कुठे राहते, असं साहेबांनी तिला विचारलं, तर तिने तुझं पाकीट दाखवलं. प्रत्येक पत्र फोडल्यावर आत डोकावून बघते.

पत्रात खंड पाडू नकोस.
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला.

खिडकीवरची बाई वाईट नव्हती. तिने तुझ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, की इथे खर्च शून्य लिहिलाय. जिथे खर्चच नाही तिथे मदत कशाची करायची? मूल चोवीस तास फुकट सांभाळलं जातंय, म्हणजे नड नाही. तुमचे भाऊ फार चांगले आहेत, असंही म्हणाली. मी म्हटलं, हो, तीच तर अडचण आहे.

तू म्हणतोस सरकारने दिवे लावावेत. मग तुझ्या घुमटातले तारे कोण लावतं? तिकिटांवर झाडूवालीचाही पगार सुटत नाही, हे तूच सांगतोस. आणि मी? या गावातल्या प्रत्येक नळाचं पाणी तपासते, कुणाचं मूल आजारी पडू नये म्हणून. ज्याचं त्याने तपासून प्यावं, असं कुणी म्हणत नाही. मग मी टाकीवर असताना माझ्या पोरीला कुणी जवळ घ्यावं, म्हणून सगळ्यांनी मिळून चिमूटभर दिलं तर त्यात हात पसरणं कुठून आलं? तुला कुणी शिकवलं नाही, हे मला सतरांदा सांगून झालंय. पण आई गेल्यावर तू मला सांभाळलंस, तेही फुकटच का रे? तेव्हा तुझी शाळा सुटली. ते कुठल्या रकान्यात लिहिलंस?

एक वाईट विचार मनात आला आहे. ठेवला तर सडेल म्हणून लिहिते. शून्य लिहिताना तुला ठाऊक होतं का, की याने मुंगी तुझ्याकडेच राहील?

नवं निवेदन १५ मार्चपर्यंत चालेल. त्यानंतर ती जागा दुसऱ्या मुलाला जाईल, आणि पुढची कधी, ते पाळणाघरवालीलाही सांगता येत नाही. तोवर मुंगी चार वर्षांची होईल. आणि मी पाकिटातली बाई होऊन बसेन.

रागावले आहे. तरी माया आहेच, काय करू.
धाकटी


४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक सापडली, तरी समाधान झालं नाही.

उत्तर: ठाऊक नव्हतं. शून्य लिहिलं ते ऐटीत. पण खरं सांग असं तू नेहमी बजावतेस, म्हणून पुढचंही सांगतो. पाकीट चिकटवून झाल्यावर माझ्या मनात आलं, की नाही मंजूर झालं तर बरं. ते किती वेळ मनात राहिलं, हे मोजलं नाही.

काल दुपारी भिंगं पुसून झाल्यावर तिच्या शेजारच्या खुर्चीत टेकलो. यंत्राची कळ बंद करायची राहिली. असं माझ्या हातून कधी होत नाही. तारे सरकत होते. बघता बघता वाटायला लागलं, की तारे आहेत तिथेच आहेत आणि मुंगी, मी, खुर्च्यांच्या सगळ्या रांगा आम्हीच सावकाश वाहत चाललोय. काठावर तू बाटली उजेडाला धरून उभी होतीस. आमच्याकडे बघत नव्हतीस, पाण्याकडे बघत होतीस. हाक मारावी तर मुंगी जागी होईल. मारली नाही. मग तू दिसेनाशी झालीस. चारच्या खेळाची माणसं दार वाजवायला लागली तेव्हा भानावर आलो.

निवेदन जोडलं आहे. आधी वाच, मग दे. राग आला तर मला लिही, पण त्यातली ओळ बदलू नकोस.

तुझा लोभ तुटला नाही असं धरून चालतो.
दादा

(सोबत निवेदन)

मी, अर्जदाराचा थोरला भाऊ, लिहून देतो, की आधीच्या पानावर मी भरलेला खर्चाचा आकडा चुकीचा होता. मूल सांभाळणं फुकट होत नाही. ते कुणीतरी भरत असतं आणि सांगत नाही. गेल्या नऊ महिन्यांत मी जादा पाळ्या घेतलेल्या नाहीत. नवं यंत्र शिकण्यासाठी माझी निवड झाली होती, ती मी सोडली, कारण चार महिने मूल कुठे ठेवायचं याला उत्तर नव्हतं. जुनं यंत्र वर्षअखेरीला बंद होईल. त्यानंतर तारांगणात मला काम असेल की नाही, हे मला माहीत नाही. नवं शिकायची मला फार इच्छा होती. बहिणीला मी वेगळं कारण कळवलं आहे. याशिवाय हे मूल नऊ महिने आईपासून दूर आहे. याचा आकडा मी काढू पाहिला, मला आला नाही. पण तो शून्य नाही. तरी आधीचा आकडा रद्द समजावा.


२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मंजूर झालं! निम्मी फी, एक एप्रिलपासून.

तुझं निवेदन मी टाकीच्या कठड्यावर बसून वाचलं. नळाखाली बाटली भरून वाहायला लागली आणि वाहतच राहिली. त्या वेळचा नमुना वहीत नाही, पहिल्यांदाच. या वयात मला कोण काय शिकवणार म्हणे! त्या ओळीवर मी हसले होते, दादा. दादाचा तोरा म्हणून मैत्रिणीलाही वाचून दाखवली होती. खोटं बोलायचं तर निदान अडखळत बोलावंस, म्हणजे मला ओळखता तरी आलं असतं.

खिडकीवरच्या बाईने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. म्हणाली, की हे साहेबांपुढे मी स्वतः नेते. जाताना तिने मला हळूच सांगितलं, की तिचा मुलगाही तिच्या आईकडे असतो, गावाला.

तू तुमच्या तारांगणाच्या साहेबांना विचार, शिकायला दुसरी तुकडी जाणार आहे का. तू विचारलं नाहीस तर मी त्यांना पत्र टाकीन, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम करीन.

३१ तारखेला मुंगीला घेऊन ये. मी रजा काढली आहे. भेटीअंती बाकीचं.

तुझी धाकटी


९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू त्या दिवशी चहाही न घेता परतीची गाडी पकडलीस. तू म्हणालास तशी पाच चाळीसला गाडी नव्हती, मी नंतर विचारून आले. असो.

मुंगी दोन दिवस माझ्याकडे पाहुण्यासारखी वागली. पाणी हवं तर आधी विचारायची. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटातलं न विचारता उचलून खाल्लं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. पाळणाघर तिला आवडलंय. खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवते, अगदी तुझ्यासारखी.

पण दुपारी झोपत नाही. सगळी मुलं झोपतात, ही छताकडे बघत पडते. पाळणाघरवालीने मला विचारलं, की घरी कशी झोपते? मला सांगता आलं नाही. आई असून. रविवारी दुपारी पडदे ओढले, थोपटलं, गोष्टी सांगितल्या. माझाच डोळा लागला आणि ती जागी. तू कशी झोपवायचास, ते लिही. तुझ्या पद्धतीने लिही, मी हसणार नाही.

उत्तराची वाट बघते.
धाकटी


१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. मुंगीला गोड पापा.

साहेबांना विचारलं. दुसरी तुकडी जूनमध्ये निघते, त्यात माझं नाव घातलं आहे. माझ्याहून अर्ध्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसायचंय. दोनशे पानी वही आणली, समास आखून ठेवले.

झोपेचं असं. तिला कुशीवर वळवायचं, तोंड भिंतीकडे. हात कपाळावर नाही, पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहात सपाट. थोपटायचं नाही, थोपटलं की ती मोजत बसते. हात नुसता ठेवायचा. पाच ते सात मिनिटांत श्वास लांब होतो, आणि पाठ हाताखाली थोडी जड होते. तेव्हाही घाई करायची नाही. आधी करंगळी उचलायची, मग तिच्या शेजारचं, असं एकेक बोट. तळहात सगळ्यांत शेवटी. इतकं नीट केलं तर ती दीड तास हलत नाही. पाळणाघरवालीलाही दाखव. तिला सरकार पगार देतंय, शिकेल.

हात काढून घेतल्यावर आपण काय करायचं असतं, ते मात्र मला अजून जमलेलं नाही.

तुम्हा दोघींची माया असू द्या.
दादा