ठिपके खोटे आणि विळी खरी?

सातारा, मंगळवार, दिवेलागण

इस्लामपूरहून धाकट्या जावेचा फोन. तिचा नातू अजून बोलत नाही, म्हणून मायक्रोअ‍ॅरे तपासणी केली. काचेच्या पट्टीवर हजारो ठिपके, त्यांच्याशी रक्तातली गुणसूत्रं ताडून बघतात. एक तुकडा गायब. बापाच्या रक्तातही तोच गायब! आणि ही बाई आजवर सुनेला टोचतेय, पोटुशी असताना ग्रहणात विळी धरलीस म्हणून.

"आवं अक्का, मशीन चुकलं आसंल."

"ठिपके खोटे आणि विळी खरी? मग लेकाच्या वेळी ग्रहणात तू काय चिरलं होतंस?"

तिनं फोनच ठेवून दिला. फार बोलले का? छे, कमीच.

मग तिच्या सुनेलाच फोन लावला. निकाल तिला कुणी सांगितलाच नव्हता. बराच वेळ रडली. मग हळूच विचारलं, "मोठ्या आई, म्हंजे आता मी विळीला हात लावू?"