पार्किंगमधली होडी

आबा, तुमची पत्र्याची होडी सध्या माझ्याकडे आहे. धरणावर नाही, जुळे सोलापुरात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. पूर्वी तिथे तुमच्या जावयांची स्कूटर असायची. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं भावाने होडी चालवली, मग त्याने फायबरची घेतली आणि ही काठावर पालथी पडून राहिली. यंदा त्याचा फोन आला, "आक्का, भंगारवाला आलाय. दिऊन टाकू का?" मी नको म्हणाले आणि टेम्पो करून मागवून घेतली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ती उतरवताना सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी. वॉचमन म्हणाला, "ताई, हितं पानी पाच दिसाला येतंय, होडी कुटं चालवनार तुमी?" सगळे हसले. मीही हसले, आणि खूप दिवसांनी माझं हसणं मला ऐकू आलं.

तुमच्या जावयांना लकवा मारून तीन वर्षं होत आली. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एखादा शब्द येतो, तोही त्याच्या मर्जीने. काही हवं असलं की डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतात. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे चमचा पार्किंगपर्यंत ऐकू येतो, भाजीच्या गाडीपर्यंतही येतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत येत नाही, म्हणून तिथे मी पळत जाते आणि पळत येते. माझं जग तेवढंच उरलंय. माणूस वाईट नाही, आबा, तुम्हीच पसंत केलेला. मला बघायला पलीकडच्या काठावरून तुमच्याच होडीतून आले होते आणि उतरल्या उतरल्या ओकले होते. तुम्ही आईला सांगितलंत, "पोरगं चांगलं हाय, पर पान्याचं न्हाय." आई आणि मी चुलीपाशी पदर तोंडात कोंबून हसत होतो. त्याच माणसाचा चमचा वाजला की आता कधी कधी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मग अंग पुसताना मी त्यांच्याशी जास्तच गोड बोलते.

तुमची भोकं शोधायची रीत मला पाठ आहे. होडी चार दगडांवर ठेवायची, आत पाणी भरायचं आणि शेजारी विडी ओढत बसायचं. "बाहीरनं काय कळत न्हाय, पोरी. आत पानी भर, मग तीच सांगती." थेंब पडेल तिथे कोळशाची खूण. नंतर तुम्ही प्रत्येक भोकावरून अंगठा फिरवायचात आणि वैद्यासारखं निदान सांगायचात, हे गंजानं खाल्लंय, हितं दगड लागलाय. एकदा एका भोकापाशी अंगठा थांबला. "ह्याच्या कडा आत वळल्यात. खिळा मारलाय कुनीतरी." आणि तुम्ही थेट धाकट्याकडे बघितलंत. जत्रेच्या दिवशी तुम्ही पाण्यावर जाऊ नये म्हणून त्याने ते केलं होतं. मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. तुम्ही भोक बुजवलंत, हात धुतलेत आणि आम्हाला दोघांना जत्रेला घेऊन गेलात.

इथे होडी भरायची म्हणजे नळाची वाट बघायची. पहिल्यांदा पाइप लावला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू कडाडल्या, "माणसांना पाणी नाही आणि तुम्ही पत्र्याला पाजताय!" मी म्हटलं, बादली घेऊन या. खुणा करून झाल्या की ते पाणी सगळ्यांनी धुण्याला, फरशीला नेलं. पुढे पुढे तर पाण्याच्या दिवशी बायकाच विचारू लागल्या, आज भरणार ना होडी? दर पाळीला थेंब कमी होत गेले. डांबरात भिजवलेलं गोणपाट, त्यावर पत्र्याचं ठिगळ, कडेने रिबिटा, सगळं तुमच्यासारखं. बसायची फळी नवीन टाकली. लग्नात तुम्ही माझ्या उंचीचं वल्हं करून दिलं होतंत, त्यावर सासूबाईंनी जन्मभर वाळत घालायची दोरी तोलून धरली. ते काढून पॉलिश केलं. डांबर मात्र स्वयंपाकघरात गॅसवर वितळवलं. वास घरभर झाला. तुमचे जावई पलंगावरून माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलले, आणि स्पष्ट म्हणाले, "धरण." मी गॅस बंद केला आणि रडले.

गेल्या पाळीला होडी काठोकाठ भरली आणि खाली एक थेंब पडला नाही. वॉचमनने फरशीवरून हात फिरवून दाखवला, कोरडा. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आक्का, पानी लई भरलंय. टेम्पो पाठवतो, तू पन ये. पयल्यांदा तूच बसायचं." बार्शीची नणंद म्हणाली, "जा की वहिनी, दोन दिवस दादाजवळ मी बसते. चमचा मला पण ऐकू येतो." मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, जा. म्हणजे मला अडवणारं कुणीच नव्हतं. इतके दिवस मी अडकलेय, अडकलेय असं मनात घोकत होते, त्याचा एक आधार होता. आबा, मी पाण्यावर गेले, काठ लांब राहिला आणि चमचा ऐकू येईनासा झाला, तर वल्हं परत फिरवायला माझा हात उचलेल याची मला खात्री नाही.

काल भावाचा पुन्हा फोन आला. "झाली का गं?" मी म्हटलं, एक भोक राहिलंय.

हे पत्र फळीखाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवू? भोक राहिलेलं नाही, आबा. परवा दुपारी, हे झोपल्यावर, मी खिळा आणि हातोडी घेऊन खाली गेले होते. तुम्ही अंगठा फिरवलात तर कडा हाताला लागतील.