वरळीच्या ट्रंका

बाबा, आज ऑफिसात वाद झाला आणि तुमची इतकी आठवण आली, की मी चहा तसाच टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. कंपनीची सगळी माहिती आता कॉम्प्युटरात असते. आग लागली, पाणी शिरलं तर असावी म्हणून तिची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवायची आहे. ती टेपवर ठेवायची की सीडीवर, यावर पोरं तासभर भांडत होती. एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा, जास्त काय टिकेल?" तुम्ही असतात तर मिशीवरून हात फिरवून लगेच बोलला असतात. मी मेली उठून खिडकीकडे वळले.

तुम्ही लालबागच्या गिरणीत लुगड्यांच्या काठांची नक्षी काढायचात. चौकडीच्या कागदावर एकेक चौकोन भरत, जीभ दातांत धरून. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते, आज हरताळ तर उद्या अश्रुधूर. कुणी काडी लावली तर इतक्या वर्षांची नक्षी जाईल, असा मॅनेजरने धसका घेतला. दुसरी प्रत वरळीला, आपल्या बीडीडी चाळीजवळच्या कंपनीच्या खोलीत ठेवायचं ठरलं. मॅनेजरला फोटोची फिल्म हवी होती. तुम्ही मात्र नक्षी गिरवून घ्यायच्या पारदर्शक, ट्रेसिंगच्या कापडासाठी हटून बसलात. आई मासे साफ करतेय आणि तुम्ही तिला ऐकवताय, "फिल्म बघूक मशीन व्हया. उद्या मशीनच नाय तर? कापड खिडकीत धरला की दिसता!" गिरणीचा माणूस, कापडावर तुमचा देवासारखा विश्वास. शेवटी मॅनेजरने तुमचं ऐकलं.

त्या कापडाला खळ असते, ते दमट हवेत चिकटतं, त्याला कसर लागते, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर ती कापडं ज्या ट्रंकांत ठेवली, त्यांची किल्ली माझ्याकडे दिलीत. "चेडवा, दर आयतवारी ट्रंका उघड, कापडां वाऱ्यार घाल, डांबराच्या गोळ्या बदल." मी नुकती मॅट्रिक होऊन घरीच होते. दोन-तीन रविवार गेलेही. मग मैत्रिणी शिवाजी पार्कच्या सभांना निघायला लागल्या. इकडे ती कुबट खोली, तिकडे शाहिरांचा डफ! किल्ली पदराच्या गाठीला बांधून मी खुशाल सभेला जायची. घरी आल्यावर तुम्ही विचारायचात, "उघडलंस गो?" मी म्हणायची, "हो." घोषणा देऊन आवाज गेलेला असायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "त्या कुबट हवेन घसो बसलो तुझो," आणि आईला माझ्यासाठी हळदीचं दूध करायला लावायचात. ते मी प्यायची, बाबा.

पुढे नक्षीच्या खात्याला खरंच आग लागली. कुणी लावली नाही, वायर जळली. वरळीच्या ट्रंका उघडल्या तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते. कापडांचे एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले, कडा कसरीने खाल्लेल्या. तुम्ही एक घडी सोडवायला गेलात, तर ती पापडासारखी तुटली. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "मी फिल्म म्हणत होतो." तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. तुम्हाला शंकाच आली नाही ना! "माझीच निवड चुकली, साहेब," एवढंच म्हणालात. जेवता जेवता ताटात बोटाने काठ काढायची तुमची सवय त्यानंतर गेली. महाराष्ट्र झाला तेव्हा तुम्ही पेढे आणलेत आणि पहिला माझ्या हातावर ठेवलात. तोही मी खाल्ला.

आज मी पोरांना म्हटलं, "टेप घ्या नाहीतर सीडी घ्या. दर महिन्याला ती उघडून, वाचून कोण बघणार, ते आधी सांगा. आणि नुसत्या 'हो'वर मी ऐकणार नाही, सोबत येऊन बघेन." पोरं हसली. "मॅडमचा कुणावर विश्वासच नाही!" अरे, कुणावर कशाला, माझा माझ्यावरच नाही.

बाबा, तुम्ही आता हवे होतात हो. मला चांगलं खडसवायला हवे होतात, आणि मग तेच हळदीचं दूध माझ्यापुढे सरकवायला. हे पत्र कुठे टाकणार मी? आणि पत्ता असता तरी टाकलं असतं का, देव जाणे. कारण शेवटच्या आजारपणात तुम्ही मला विचारलं होतंत, "फिल्मच बरी हुती गो, नाय?" खोलीत आपण दोघंच होतो. मी पेजेचा चमचा तुमच्या तोंडाशी नेला आणि म्हटलं, "हो, बाबा."