डोक्याचं ताट कोणी मांडलं

आधी तक्रार. अल्माटीच्या त्या येर्मेक संपादकाने माझा खुनी बदलायला सांगितलं आहे. मी जिवंत असताना सांगितलं, म्हणजे मी गेल्यावर काय करील ते दिसतंच आहे. म्हणून घाईने कागद घेतला. नमस्कार-चमत्कार नंतर.

तर मी, कुलझीपा, एस्बोलची लेक, मेंढपाळ झाकीपची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार साझदी, केगेन खोरं, शिक्षण तिसरीपर्यंत, छाती बिघडलेली पण डोकं जागेवर, कोणाच्या धाकाने वा गोड बोलण्याने नव्हे तर आपल्या मर्जीने लिहून ठेवते की, उद्या मला शहरात छाती उघडायला नेत आहेत. डॉक्टर म्हणतो, "घाबरू नका आजी, रोजचं काम आहे." त्याचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. परत आले तर हा कागद मीच चुलीत घालीन. न आले तर माझ्या पश्चात खालीलप्रमाणे वागावे.

घर. रीतीप्रमाणे धाकट्या मुलाला, कैरोल्लाला. छप्पर आई गेल्यावर गळायला लागलं असं त्याने गावात सांगू नये. ते त्याने दुरुस्त केलं त्या दिवसापासून गळतं आहे. चुलीजवळची खोली त्याच्या मुलीची, म्हणजे माझ्या नातीची, तोर्गिनची. ती लग्न करो वा न करो, तिथे बसून लिहील.

सून उल्बाला हिला चहाचं पाणी तापवायचा समोवार. बाई कामाची आहे, पण पुस्तक हाती आलं की शेवटचं पान आधी वाचते आणि जेवताना सगळ्यांसमोर ओकते. हे मी विसरलेले नाही.

पोस्टातली शिल्लक माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. येर्मेक आला तर त्याला पोटभर वाढावं. मेंढीचं डोकं मानाच्या पाहुण्याचं, ते त्याच्यापुढे ठेवू नये.

शेजारीण बाल्झान हिला माझं दाभण. हिवाळ्यात आमच्याकडे बायका सिरमाक शिवायला जमत, म्हणजे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, नक्षीदार गालिचे. हात चालते राहावेत म्हणून मी खुनाच्या गोष्टी रचून सांगायची. खुनी लवकर ओळखला गेला की बायका उठून जायच्या आणि शिवण तशीच राहायची. खुनी भलताच कोणी निघाला की दुसऱ्या दिवशी यायच्याच नाहीत, म्हणायच्या, "फसवलंस." तेव्हा कळलं, ऐकणारीने शेवटी कपाळावर हात मारायला हवा, आणि तो स्वतःच्याच कपाळावर. बाल्झानने माझ्या आणि तोर्गिनच्या दुसऱ्या पुस्तकातला खुनी ओळखला आणि भर दुकानात ओरडून सांगितला. ओरडली याचा राग आहे. ओळखला म्हणून दाभण.

तोर्गिनला नमदा कापायची सुरी. तिची दोन पुस्तकं छापून आली. नाव तिचं, खून माझे. हे आमचं ठरलेलं आहे, कोणी उकरू नये. मला वाक्यं जमत नाहीत, तिला जमतात. तिला 'नाही' म्हणणं जमत नाही, मला जमतं. उद्यापासून तिच्याजवळ 'नाही' म्हणणारं कोण राहणार, ही माझी काळजी आहे.

सुरीबरोबर एक सांगणं. काळा आणि पांढरा नमदा एकावर एक ठेवून एकदाच कापायचा. काळ्यातून निघालेलं नक्षीचं शिंग पांढऱ्यात बसतं, पांढऱ्यातलं काळ्यात. हातात तुकडा उरला तर कापणं चुकलं. येर्मेकला हवा असलेला खुनी हा असा तुकडा आहे, तोही दुसऱ्याच्या घरून आणलेला.

आता तिसऱ्या पुस्तकातला खून. माझ्या मिळकतीत यापेक्षा मोठी वस्तू नाही, आणि नेमकी तीच अपुरी आहे.

म्हातारा दोसान, घोड्यांचा धनी. मुकान त्याचा मुलगा. दोसान वरच्या कुरणात घोड्यांपाशी आहे असं सगळे धरून चालतात. खरं तर मुकानने त्याला दरीत लोटलं आहे. ज्याचा बाप जिवंत आहे त्याने मेंढीच्या डोक्याला सुरी लावायची नाही, हे आमच्यात पाळण्यातल्या पोराला कळतं. पहिल्या प्रकरणात, दोसान खरंच जिवंत असताना, शहरातला एक पाहुणा थट्टेत डोकं मुकानकडे सरकवतो. मुकान चटका बसल्यासारखा हात मागे घेतो: "अहो, बाप आहे माझा!" पुढे लोकर कातरून झाल्यावर घरच्यांचं जेवण असतं. सगळे दमलेले, हसणं-खिदळणं चाललेलं, डोक्याचं ताट मुकानपुढे. तो बोलता बोलता सुरी उचलतो आणि त्या डोक्याचा कान कापतो. बाप मेला हे अजून कोणाला माहीत नाही. त्याच्या हाताला माहीत आहे.

मी खूश होते. मग तोर्गिन चहा ओतता ओतता म्हणाली, "आजी, एक विचारू? रागावू नकोस."

"रागावणार. विचार."

"ते डोकं मुकानपुढे ठेवलं कोणी?"

"कोणी म्हणजे? आलं ताट."

"ताटाला पाय असतात का? बाप जिवंत असलेल्यापुढे आपल्यात कोण डोकं ठेवील?"

"ठेवलं असेल कोणी चुकून."

"चुकून? आजी, चुकून झालेल्या गोष्टीवर खुनी धरला तर तुझ्याच बायका उठून जातील."

कार्टी खरं बोलली. आणि त्याच वेळी येर्मेकचा फोन. "आजी, इतकं कशाला? भटका चोर करून टाका. वाचकाला धक्का बसतो."

"धक्का मला घोडीनेही दिला होता. तिची गोष्ट कोणी छापली नाही."

"शनिवारपर्यंत शेवट आला नाही तर चोरच छापायला जाईल," म्हणाला. तोर्गिनने होकाराची मान डोलावली. फोनवर मान हलवते, अशी माझी नात.

तेव्हापासून छातीपेक्षा त्या ताटाचीच धडधड जास्त आहे. स्वयंपाकाच्या पोरी, गुराखी, शेजारी, एकेकाच्या हाती ताट देऊन पाहिलं. कोणाच्याच हातात ते बसत नाही. शनिवारी मी शुद्धीवर असेन की नाही कोण जाणे. शेवट न सापडता मी गेले तर पुस्तक छापू नये. चोर घालून तर मुळीच छापू नये. ही माझी शेवटची इच्छा समजावी.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिलं, साक्षीदारांपुढे वाचलं आणि सही केली.

कुलझीपा
साझदी, गुरुवार, २९ सप्टेंबर २०११

साक्षीदार: १. बाल्झान, शेजारीण. (सही करताना म्हणाली, "म्हणजे खुनी मला आधीच कळला की!" मी म्हटलं, "तुझी सही हवी आहे, तोंड नको.") २. तोक्तासिन, जनावरांचा डॉक्टर.

सहीनंतर लिहिलेलं, वरच्याइतकंच पक्कं:

प्रवासाआधी कैरोल्लाने मेंढी कापली. या घरात मांस मीच मांडते, माझ्या आधी सासू मांडायची. डोकं कैरोल्लापुढे ठेवलं आणि माझी बोटं ताटावरून सुटेनात. त्याचा बाप झाकीप गेला तेव्हा पहिल्यांदा याच पोरापुढे डोकं ठेवलं होतं. त्याचा हात सुरीपर्यंत जाईना. मी बघत राहिले होते.

"आई, ताट सोड की," कैरोल्ला म्हणाला.

"थांब. बघू दे."

"काय?"

"तुझा हात."

उल्बालाला वाटलं मला झटका आला. पाणी घेऊन धावली.

तोर्गिन, ताट राबिगाने मांडलं. दोसानची बायको, मुकानची आई. पुस्तकभर चहा ओतते, टोमणे मारते, सगळ्यांना आवडते. मलाही आवडते, म्हणूनच तिच्या हाती ताट द्यायचं मी टाळत होते. तिला मुकानचा संशय आला आहे. पण आईने असलं विचारायचं कसं? म्हणून ती डोकं मुकानपुढे ठेवते आणि मनात म्हणते, ढकल रे, ढकल ते ताट, ओरड माझ्यावर, 'आई, बाप आहे ना माझा!' आणि तो कान कापतो.

पहिल्या प्रकरणात त्याने हात मागे घेतला तो राबिगाने पाहिला, एवढी एक ओळ घाल. हातात तुकडा उरत नाही.

येर्मेकला फोन उभी राहून कर. बसलीस की मान हलवशील. शनिवारपर्यंत उल्बालाला खोलीत घेऊ नकोस. साक्षीदारांनी याखालीही सही केली आहे, हात तेलकट आहेत, चालेल.

आणि शेवटच्या पानावर पोलीस विचारील, "हे ताट कोणी मांडलं?" तेव्हा मुकानने, शेजाऱ्यांनी, कोणीही तोंड उघडायचं नाही. उत्तर राबिगानेच द्यायचं. तिला वेळ लागला तर लागू दे.