खिडकीपुढचा ग्रह

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला बहुधा एक ग्रह सापडलाय! अजून कुणाला बोलू नकोस. एका दूरच्या ताऱ्याचा उजेड दर तीन दिवसांनी जरासा मंदावतो, म्हणजे त्याच्यापुढून काहीतरी जातंय. चांगला धिप्पाड वायूचा गोळा असावा, आणि ताऱ्याला इतका खेटून फिरतो की त्याचं वर्ष तीन दिवसांत संपतं. अंगाची भट्टी झाली असेल बिचाऱ्याच्या. ग्रह खरा असेल तर त्याच्या ओढीने ताराही जागच्या जागी डुलायला हवा. नाही डुलला, तर माझी सगळी मेहनत पाण्यात.

बाबा म्हणाले, महिनाअखेर तू दुकान बंद करून आमच्याकडे राहायला येतेस. मनापासून येतेस ना?

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तीन दिवसांचं वर्ष! तिथे माझं वय किती झालं असतं, ते कृपा करून मोजू नकोस.

मनाचं काय घेऊन बसलीस? गुडघे कुरकुरतात, एकटीने शिवणाचं दुकान किती ओढायचं? मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय.

सध्या एकच वैताग आहे. माझं मशीन खिडकीशी, तुला ठाऊकच आहे. पलीकडचे चष्मेवाले सारखे तिथून जातात. चांगल्या आडव्या अंगाचा माणूस, तो आला की सुईवरचा उजेडच जातो. सकाळी पाव आणायला, दुपारी टपालपेटीकडे, संध्याकाळी उगीच. टपालपेटीकडे जातात, पण हात रिकामेच. बायको गेल्यापासून एकटे असतात, म्हणून मी काही बोलत नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खुर्चीवरून पडायचीच राहिले. ठरल्या वेळी उजेड मंदावतो, समोरून काहीतरी धिप्पाड जातं, आणि तू त्याला वैताग म्हणतेस? आमचा शोध इथूनच सुरू होतो! असले ग्रह बहुधा लांब, थंडीत जन्मतात आणि मग सरकत सरकत ताऱ्याजवळ येतात. कसे, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत.

आत्या, माझा तारा डुलला! आकडे आले तेव्हा आमच्या गंभीर सरांनी जिन्यावरून ओरडून सांगितलं. आता राहिलीस तू. डुलतेस का, खरं कळव. नसशील डुलत, तर तुझं सामान बांधायला मीच येते.

उत्तरासाठी नखं खात बसलेली,
भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आत्याला काय विचारावं याची काही पोच? मी कशाला डुलू, असं म्हणत कामाला बसले. तेवढ्यात उजेड गेला. मी मान वर केली नाही. उजेड परत आला तेव्हा हातातल्या कोटाकडे पाहिलं, तर उजवी बाही डावीकडे जोडलेली. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं गं.

तशीच कोट घेऊन बाहेर गेले आणि भर रस्त्यात त्यांना विचारलं, की माझा उजेड का अडवता. चष्मा पुसत म्हणाले, तुम्ही आता जाणार, तोवर दिसाल तेवढं बघून घेतो. मला हसूही आलं आणि रडूही.

मशीन विकत नाही. तुझ्या बाबांना तूच सांग, मला लाज वाटते. उजेडही आता जात नाही. ते खिडकीवरून पुढे जातच नाहीत, आत येऊन बसतात.

ग्रहाला आशीर्वाद सांग.

तुझी डुलणारी,
आत्या