ब्रिनतेगचा दावीद

हेब्रोन चॅपलजवळ,
२२ मार्च १९८७

प्रिय इवोरदादा,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा झाल्याचं वाचून हायसं वाटलं. आता तुझी सबब संपली, तेव्हा काम ऐक. मी आईच्या वडिलांची कबर शोधायला घेतली आहे. हसू नकोस. ईस्टरआधीच्या फुलांच्या रविवारी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून डॅफोडिलची फुलं वाहतं. आपली आई मात्र आजीची कबर झाली की उरलेली जुडी फाटकाला अडकवून घरी येते. तिचे डोळे फार अधू झालेत रे, पुढल्या वर्षी दिसेल न दिसेल. यंदा ती जुडी मला फाटकावर नको आहे.

दावीद जोन्स फ्रान्सच्या लढाईत जखमी झाला, १९१८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या इस्पितळात वारला आणि त्याला आगगाडीने आणून इथेच पुरलं, एवढंच ठाऊक आहे. आई तेव्हा दोन महिन्यांची. आवारात दावीद जोन्स ढिगाने पडलेत, म्हणून शेताच्या नावावरून शोधते आहे. तो हेंद्रे शेतावरचा. पण हेंद्रेच्या रांगेत तो नाही, आणि सैन्याचा पांढरा दगडही कुठे नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, लग्नाआधी पोर झालं म्हणून हेंद्रेच्या लोकांनी माझ्या आईला उंबऱ्यात उभं केलं नाही, त्यांच्या दगडांशी मी काय बोलू, तू नाक खुपसू नकोस. मी खुपसणारच.

वहिनींना नमस्कार. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नेस्टा


कार्डिफ, ३० मार्च

चि. नेस्टास अनेक आशीर्वाद.

नाक खुपसण्यात तू कधी मागे होतीस? लहानपणी माझ्या खिशातली टॉफीसुद्धा तुला वासाने कळायची. तरी मीही गप्प बसलो नाही. सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कचेरीत विचारलं. कबर हेब्रोनलाच आहे, आणि नाव घरच्या दगडावर आहे, म्हणून पांढरा दगड नाही.

आता डोकं चालव. दावीद हेंद्रेला जन्मला, पण एलेनमावशी म्हणायची की तो आजीआजोबांकडे वाढला, ब्रिनतेगला. आपल्याकडे माणूस वाढतो त्या शेताचं नाव त्याला चिकटतं आणि मग सुटत नाही. दुधाची गाडी विकून मला वीस वर्षं झाली, तरी गावात मी दूधवाला इवोरच आहे ना? तू चुकीच्या रांगेत खुरपं चालवते आहेस, बाई.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. दगड सापडला आणि त्यांनी पुन्हा तिला परकंच ठेवलेलं निघालं, तर तिला ते सोसणार नाही. मला खरंच भीती वाटते.

सांभाळून राहा, आणि माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिही.
इवोर


११ एप्रिल

दादा,
सा. न. वि. वि.

सापडला. कागदावर मातीचे डाग पडलेत, तसेच वाच.

ब्रिनतेगची रांग खाली ओढ्याकडे आहे. तिथे दावीदच्या आजोबांचा, तोमोसचा, स्लेटचा दगड अर्धा जमिनीत खचलाय. वर एकट्या तोमोसचं नाव दिसतं, त्यामुळे कुणी वाकून पाहिलंच नाही. मी उद्याच्या फुलांच्या रविवारसाठी गवत कापायच्या निमित्ताने बसले आणि खणत गेले. ‘तसेच त्याचा नातू दावीद, सैनिक, वय तेवीस.’ अक्षरं खरवडतील म्हणून खुरपं बाजूला ठेवलं. दगड आणखी खाली जात होता. मग नखांनीच माती उकरली. शेवटची ओळ आहे: ‘मायरचा बाप.’

आपल्या आईचं नाव, दादा. आपल्या आजीला भर चॅपलमध्ये उभं करून सभासदांतून काढलं होतं, आणि त्याच चॅपलच्या आवारात दावीदच्या आजीने हे कोरून घेतलं. काय बाई असेल ती! मी ओल्या गवतात बसून रडले आणि हसलेही.

उद्या आईला नेते. तू इथे हवा होतास.
नेस्टा


१३ एप्रिल

चि. इवोरास आईचे अनेक आशीर्वाद.

नेस्टाने काल मला ओढतच नेलं. वाटेत मी तिला खूप बोलले. मला अक्षरं दिसेनात, म्हणून गुडघे टेकून बोटं फिरवली. माझं नाव हाताला लागलं. दोनदा फिरवली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. थंडी फार होती, नेस्टाने आपली शाल मला दिली, तिला आता सर्दी झाली आहे.

फुलं वाहत होते तेवढ्यात नवे पाद्री आले आणि ही कोणाची कबर म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या वडिलांची. एकोणसत्तर वर्षांत हे शब्द मी कधी उच्चारले नव्हते, बाळा. पुन्हा एकदा उच्चारावेत म्हणून तुला हे पत्र लिहायला बसले.

पोरांना पापा. ईस्टरला सगळे या.
तुझी आई